'ताकदीचे इंजेक्शन' घेण्यापूर्वी

"डॉक्टर, एखादे ताकदीचे इंजेक्शन द्या," ही मागणी दवाखान्यात नेहमीचीच. हल्ली काही पुरुष टेस्टोस्टेरॉनचे नावच सांगतात. कोणाला थकवा असतो, कोणाची कामेच्छा कमी झालेली असते. लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही मूल नाही, म्हणून मागणारेही असतात. त्यांनी पुढील मजकूर अवश्य वाचावा.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वृषणात तयार होते. त्यासाठीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी सोडते. हार्मोन बाहेरून टोचले, की शरीरात साठा पुरेसा आहे असे समजून ती हुकूम थांबवते. वृषणाचे काम मंदावते आणि शुक्राणूंची निर्मितीही थांबते. मुलासाठी घेतलेले इंजेक्शन मुलाच्याच आड येते!

जागतिक आरोग्य संघटनेने याच औषधाची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम औषध दिले गेले. त्यापैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात; पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

मग हे इंजेक्शन कोणी घ्यावे? ज्यांना लक्षणे आहेत आणि ज्यांचे टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आहे, त्यांनी. त्यासाठी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा रक्त तपासावे लागते. दोन्ही वेळा प्रमाण डेसिलिटरला सुमारे ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आले, तर कारण शोधून उपचार ठरवतात. लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप यांमुळेही प्रमाण घटते; तेथे वजन उतरवणे हाच पहिला उपाय.

उपचार चालू असताना रक्त दाट होऊ शकते. म्हणून ठराविक काळाने रक्ताची, तसेच वयानुसार प्रोस्टेटची तपासणी आवश्यक असते. जिममध्ये ओळखीने मिळालेली कुपी टोचून घेणाऱ्याच्या या तपासण्या कोण करणार?

मूल हवे असलेल्या पतीने आधी वीर्यतपासणी करून घ्यावी. त्यात लाज नाही आणि खर्चही फारसा नाही. हार्मोन कमी असलेच, तर वृषणाला चालना देणारी वेगळी औषधे तज्ज्ञ देऊ शकतात. पूर्वी असे इंजेक्शन घेतले असल्यास तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते लपवले, तर पत्नीच्या मात्र नाहक तपासण्या होत राहतात.