इंग्रजी शब्दांचे भांडवल

बँका, शासकीय सेवा आणि तत्सम नोकऱ्यांसाठी ज्या परीक्षा घेतल्या जातात, त्यांच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द ओळखण्याचे प्रश्न हटकून असतात. परिणामी पदवीच्या वर्गातील मुलेमुली दोन रकाने आखलेल्या वह्या घेऊन हिंडताना दिसतात. डाव्या रकान्यात अपरिचित शब्द आणि उजव्या रकान्यात त्याचा अर्थ म्हणून दुसरा, बहुधा तितकाच अपरिचित शब्द! एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाची ओळख करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. इतकी वर्षे ती भाषा शिकूनही विद्यार्थ्याला अखेर यादीच घोकावी लागत असेल, तर दोष त्याच्या बुद्धीकडे जात नाही, शिकविण्याच्या पद्धतीकडे जातो, असेच म्हणावे लागेल.

अर्थशास्त्रात ‘पर्यायी वस्तू’ अशी एक संकल्पना आहे. चहा महागला की काही लोक कॉफीकडे वळतात. पण म्हणून चहा म्हणजे कॉफी नव्हे, हे कोणताही चहाबाज सांगेल. समानार्थी शब्दांचेही तसेच आहे. ‘थ्रिफ्टी’, ‘फ्रूगल’, ‘पार्सिमोनियस’ आणि ‘मायझरली’ हे चार शब्द यादीत गुण्यागोविंदाने एका ओळीत बसतात. प्रत्यक्षात पहिल्या शब्दाने एखाद्या गृहिणीचा गौरव होतो आणि शेवटच्या शब्दाने तिचा अपमान. ‘काटकसरी’ आणि ‘कवडीचुंबक’ यांची अदलाबदल मराठीत कोणी करीत नाही. इंग्रजीत मात्र आपली मुले ती बिनदिक्कत करतात, कारण यादीने त्यांना तसेच शिकविलेले असते.

हा भेद कळावयाचा तर शब्दाच्या कुळाकडे वळावे लागते. ‘थ्रिफ्ट’ हा ‘थ्राइव्ह’ म्हणजे भरभराटणे या क्रियापदाच्या घराण्यातला; काटकसरीने भरभराट होते, ही त्यामागची समजूत. ‘मायझर’ हा मुळात ‘दीन, दुःखी’ या अर्थाचा लॅटिन शब्द. ‘मिझरेबल’ त्याचाच भाऊबंद. आणि आपला ‘कृपण’? संस्कृतात त्याचाही अर्थ आधी दीन, कीव करण्याजोगा असा आहे आणि मग कंजूष. पैसा असून जो तो भोगत नाही तो दरिद्रीच, या एकाच विचाराने दोन दूरच्या भाषांनी आपापले शब्द वळविले. हे एकदा समजलेला विद्यार्थी ‘मायझर’ जन्मात विसरणार नाही.

इंग्रजीत समानार्थी शब्दांची एवढी दाटी का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन आणि शेतात, स्वयंपाकघरात इंग्रजी अशी विभागणी राहिली. म्हणून ‘आस्क’ हा घरचा शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंचांकडून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ थेट लॅटिनमधून उचललेला. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडेही मित्र विचारतो, विद्वान पृच्छा करतो आणि पोलीस जबाब घेतात. देशी, संस्कृत आणि अरबी-फारसी असे थर आपल्याही भाषेत आहेत आणि कोणता थर कोठे वापरावा हे आपल्याला उपजत कळते.

लॅटिन धातूंचे नाव काढताच मुले बिचकतात. वस्तुतः ज्याच्या हाती शाळेने प्रगतिपुस्तक दिले, त्याला हे तंत्र अर्धेअधिक आलेलेच असते. ‘प्रगती’ म्हणजे पुढे जाणे. ‘प्रोग्रेस’ म्हणजेही नेमके तेच. येथील ‘प्र’ आणि लॅटिन ‘प्रो’ हे नात्याने एक आहेत. ‘ग्रेस’ या अंगाचा ‘गती’शी रक्ताचा संबंध नसला, तरी दोन्हींची घडण हुबेहूब सारखी आहे. ‘रिग्रेस’ म्हणजे मागे जाणे, ‘डायग्रेस’ म्हणजे वाट सोडून जाणे आणि ‘काँग्रेस’ म्हणजे एकत्र येणे. त्यासाठी संस्कृतच्या शिकवणीची गरज नाही. प्रगती, अधोगती, दुर्गती हे शब्द खेड्यातला शेतकरीही बोलतो.

रक्ताची नातीही थोडीथोडकी नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला. लॅटिन ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. त्यातून ‘क्रेडिट’ निघाला, आणि तो धातू आपल्या ‘श्रद्धे’चा आप्त आहे. बँक कर्ज देते ती श्रद्धेवर. तारण मागते, तो भाग वेगळा. ‘पिक्युनिअरी’च्या मुळाशी गुरेढोरे या अर्थाचा शब्द आहे आणि तो ‘पशु’चा सगोत्र. ‘कॅपिटल’ हा ‘कापुत’ म्हणजे डोके यावरून आला. मुद्दल ही कर्जाची ‘मुख्य’ रक्कम. त्याच शब्दापासून इंग्रजीत ‘कॅटल’ निपजला. गोधन हेच धन, ही कल्पना केवळ आपली नाही.

मात्र धातूंचा हा नाद बेतानेच करावा. लॅटिन हिशेबाने ‘डिसेंबर’ दहावा महिना, आपल्या भिंतीवर तो बारावा. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे हाताने घडविणे, आणि आज ते यंत्र करते. ‘पेडेस्ट्रियन’मधील ‘पेड’ म्हणजे पाय. ‘पेडॅगॉजी’मधील ग्रीक ‘पेड’ म्हणजे मूल. रोमन सैनिकांना मिठाच्या रूपाने पगार मिळे, ही वर्गात रंगवून सांगितली जाणारी कथाही जपूनच सांगावी. ‘सॅलरी’ हा शब्द मिठावरून आला हे खरे. पगार मिठात मिळे याला भक्कम पुरावा नाही. व्युत्पत्ती अर्थ लक्षात ठेवायला मदत करते, अर्थ ठरवीत नाही. तो ठरतो वाक्यात.

तेव्हा त्या वहीत रकाने दोनऐवजी तीन असावेत. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्याचे मूळ आणि मराठी-संस्कृतातील सोयरा असल्यास तो, तिसऱ्यात विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य. दिवसाला पाच शब्द पुरेत. पन्नासांची यादी पाठ करणाऱ्यापेक्षा हा विद्यार्थी प्रारंभी मागे पडेल, ही किंमत मान्य केली पाहिजे. परीक्षा दोन आठवड्यांवर आली असेल, तर त्याला हा उपदेश करण्यातही अर्थ नाही. ही पद्धत अकरावीपासून हवी, आणि अर्थशास्त्राच्या वर्गातही हवी. ‘डेफिसिट’ म्हणजे ‘उणे पडते’ असे लॅटिन क्रियापद आहे, हे सांगायला अर्धे मिनिट लागते.

नॉर्मन लुईस यांचे १९४९ सालचे ‘वर्ड पॉवर मेड इझी’ आपल्याकडे अजून विकत घेतले जाते. पुस्तक उत्तम आहे; पण ते इंग्रजीतच विचार करणाऱ्या अमेरिकन वाचकासाठी लिहिलेले आहे. ‘प्रगती’वरून ‘प्रोग्रेस’कडे नेणारे पुस्तक मराठीत लिहिले गेले पाहिजे. वर्गातील विद्यार्थिसंख्या रोडावल्याची खंत करणाऱ्या संस्कृतच्या प्राध्यापकांनी हे काम अंगावर घ्यावे. सोबतीला इंग्रजीचा एखादा शिक्षक घेतला, म्हणजे झाले.