फल्लीदाणा बाधला म्हणून डाळ बंद करू नका

राळेगावच्या वस्त्यांत आया आम्हाला विचारतात, "मागं फल्लीदाणे खाल्ले तेव्हा लेकराला काही झालं नाही, मग आताच गांधी कशा उठल्या?" पहिल्या वेळी शरीर दाण्यातले प्रथिन ओळखून ठेवते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. वरून काहीच दिसत नाही. पुढे तेच प्रथिन पोटात गेले की गांधी, सूज, उलटी. एक्झिमा असलेल्या बाळात ही तयारी कातडीतूनही होते.

फल्ली ही तूर-मुगाच्याच कुळातली. प्रथिनांत थोडे साम्य असल्याने रक्ततपासणीत कधी डाळही 'पॉझिटिव्ह' येते, आणि घरातले घाबरून वरणच बंद करतात. हे आम्हाला पटत नाही. दाणा बाधणारी बहुतेक मुले डाळ पचवतात. मूल आजवर विनात्रास खात आलेली डाळ केवळ कागद पाहून तोडू नका. आपल्या घरांत प्रथिन येते ते तिच्यातूनच. काजू-पिस्त्याचे मात्र तसे नाही. त्यांची प्रथिने फार सारखी, म्हणून एक बाधला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसराही देऊ नये.

दाणे खाल्ल्यावर श्वास अडकला, आवाज बसला किंवा मूल गळून गेले, तर 'पित्त उठलं' म्हणून गोळी देत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते.