मुक्तिभवन आणि दयामरण: काही गैरसमज

वाराणसीतील काशी लाभ मुक्तिभवन म्हणजे इच्छामरणाचे केंद्र, असा समज दूरवर पसरला आहे. दालमिया कुटुंबाच्या धर्मादाय न्यासाने 1958 मध्ये सुरू केलेल्या या वास्तूत कोणी कोणाला मरण देत नाही. अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाला घेऊन घरचे येतात आणि साधारण दोन आठवड्यांसाठी खोली मिळते. स्वयंपाकपाणी त्यांचे तेच पाहतात. पुजारी भजन म्हणतात, रुग्णाच्या ओठांवर गंगाजल आणि तुळशीचे पान ठेवतात. सलाईन नाही, डॉक्टर नाही, इंजेक्शनही नाही. मुदत संपली आणि श्वास चालूच राहिला, तर काहींना घरी परत नेले जाते.

गोंधळाचे मूळ ‘इच्छामरण’ या शब्दातच आहे. उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म, प्रायोपवेशन, काढलेला व्हेंटिलेटर आणि डॉक्टरने टोचलेले प्राणघातक औषध हे सारे मराठीत त्या एकाच शब्दात कोंबले जाते. कायदा आणि नीती या गोष्टी वेगवेगळ्या तोलतात.

भारतात दयामरण कायदेशीर झाले, हेही अर्धेच खरे. 9 मार्च 2018 रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केले ते निष्क्रिय दयामरण, म्हणजे बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे निष्फळ उपचार थांबवणे. मरणासाठी औषध टोचणे किंवा रुग्णाच्या हाती देणे हा आजही गुन्हा आहे. नेदरलँड्समध्ये 2002 पासून आणि अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये 1997 पासून डॉक्टरच्या मदतीने मरण घेता येते, आपल्याकडे नाही.

वर्षानुवर्षे अचेत अवस्थेत असलेल्या अरुणा शानबाग यांना न्यायालयाने दयामरण दिले, असेही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात 2011 च्या निकालाने तत्त्व मान्य केले, पण त्यांच्याबाबतची मागणी फेटाळली. 1973 पासून त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांना त्या जगाव्यात असेच वाटत होते. 2015 मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

उपचार थांबवले म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडले, हा समज सर्वांत घातक. थांबतात ते आजारावरचे निष्फळ उपाय. वेदना, धाप, कोरडे पडलेले तोंड यांची काळजी त्यानंतर वाढवायची असते. मॉर्फिनने माणूस लवकर जातो, ही भीतीही अशीच. वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन मरणासाठी नसते, आणि मरण घडवणाऱ्या मात्रेशी त्याची गल्लत करू नये. सहायक मरणाच्या, म्हणजे डॉक्टरच्या मदतीने घेतलेल्या मरणाच्या, बाजूने मात्र स्वायत्ततेचा युक्तिवाद केला जातो आणि तो वजनदार आहे. असह्य देहात कोंडलेल्या माणसाला आणखी सोसण्याची सक्ती करणे क्रूर ठरू शकते. परंतु ज्याच्या वेदनेवर उपायच झाला नाही, ज्याला आपल्या औषधापायी घर कर्जात बुडाल्याचे दिसते, त्याची मरणाची मागणी मोकळ्या मनाची कशी मानायची? या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय भारतात सहायक मरणाचा कायदा आणणे घाईचे होईल.

कोणते उपचार थांबवावेत हे आधीच लिहून ठेवणारे आगाऊ इच्छापत्र करायला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागते, ही माहिती जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट गेली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतले की पुरते. रुग्ण बोलू शकेनासा झाला की दोन वैद्यकीय मंडळे ते पाहून निर्णय घेतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे.