वुक कराजिच : शब्दकोशातील लोकजीवन

सर्बियन लोकजीवनाच्या अभ्यासाचा पाया एका शब्दकोशात घातला गेला. वुक कराजिच (१७८७–१८६४) यांनी १८१८ साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या या कोशात २६ हजारांहून अधिक शब्द असून त्यांचे अर्थ जर्मन व लॅटिन भाषांत दिले आहेत. परंतु चेटकीण, कुलसंताचा सण, नाताळच्या आदल्या रात्री चुलीत घालावयाचा ओंडका अशा शब्दांपाशी कोशकार थांबतो व त्यांमागील विधी आणि समजुती सांगू लागतो. शब्दाचा अर्थ त्यामागील जगण्यासह सांगावयाचा, अशी ही दृष्टी होय.

कराजिच यांचा जन्म ऑटोमन सत्तेखालील त्रशिच या खेड्यातला. १८०४ मध्ये पेटलेला सर्बियन उठाव १८१३ साली मोडल्यावर ते व्हिएन्नाला आले. तेथे स्लोव्हेन पंडित येर्नेय कोपितार यांनी त्यांना लिहिते केले. त्या काळची ग्रांथिक सर्बियन भाषा धर्मपीठाच्या प्राचीन स्लाव्ह भाषेच्या मिश्रणाने घडलेली होती. शेतकऱ्यांची बोली ग्राम्य ठरली होती. कराजिच यांनी या बोलीलाच साहित्यभाषेचे स्थान दिले आणि एका ध्वनीस एकच अक्षर हा नियम लिपीस लावला. त्यासाठी रोमन लिपीतून एक अक्षर घेतले, तेव्हा त्यात कॅथलिक पंथाचा शिरकाव पाहिला गेला.

त्यांच्या लोकगीतसंग्रहांचे महत्त्व केवळ संख्येत नाही. लोकगीत म्हणजे अनाम समूहाची निर्मिती, असे युरोपातील रसिक मानीत असता कराजिच यांनी गायकांची नावे व स्वभाव नोंदविले. अंध फिलिप विश्निच उठावाची गीते गुस्ले या तंतुवाद्यावर गात; तेशान पोद्रुगोविच गात नसत, नुसती म्हणून दाखवीत. परंपरेला व्यक्तीचा चेहरा असतो, हे येथे प्रथमच ठसठशीतपणे दिसते.

तथापि त्यांचे संकलन तटस्थ नव्हते. अनेक पाठांतून उत्तम वाटेल तोच ते छापीत. १८४९ च्या एका निबंधात तर त्यांनी श्तोकावियन बोली बोलणाऱ्या सर्वांनाच, ते कोणत्याही धर्माचे असोत, सर्ब ठरविले. या भूमिकेवरील वाद दीर्घकाळ चालला. लोकांचे शब्द जतन करणे आणि लोक कोण हे आपणच ठरविणे, यांतील अंतर त्यांना राखता आले नाही.

१८३२ साली सर्बियात त्यांच्या लेखनपद्धतीवर बंदी आली. तिला पूर्ण राजमान्यता मिळाली ती १८६८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. एकेकाळी ग्राम्य ठरलेली बोली तोवर एका वाङ्मयाची भाषा झाली होती.