दुभत्या गाईच्या लाथा

मार्च २०१५ मधली गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर परगण्यात हॉज नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या एका हॉटेलात टेलिव्हिजनच्या चित्रीकरणासाठी आलेली मंडळी रात्री मुक्कामाला पोहोचली. दिवसभराच्या कामाने सगळेच दमलेले होते. स्वयंपाकी घरी निघून गेला होता. आता गरम काही मिळणार नाही, थंड पदार्थांवरच भागवावे लागेल, असे कळल्यावर पथकातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा पारा चढला. समोर कार्यक्रमाचा एक तरुण निर्माता होता. त्याला आधी शिव्या खाव्या लागल्या आणि मग मार. मारहाण सुमारे ३० सेकंद चालली आणि दुसऱ्या एकाने मध्ये पडून ती थांबवली. निर्मात्याचा ओठ फुटला होता. त्याने उलट हात उचलला नाही. गाडी काढून तो एकटाच इस्पितळात गेला. आपली नोकरी गेली, अशीच त्याची समजूत झाली होती.

मारणारा होता जेरेमी क्लार्कसन. मोटारींवरच्या ‘टॉप गिअर’ या बीबीसीच्या कार्यक्रमाचा सूत्रधार. १९८८ मध्ये तो या कार्यक्रमात पहिल्यांदा आला आणि २००२ मध्ये कार्यक्रमाला नवे रूप मिळाले, तेव्हापासून तर ‘टॉप गिअर’ म्हणजे क्लार्कसन असेच समीकरण झाले होते. जोडीला रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे. तिघे मिळून मोटारी पळवायचे, मोडायचे, एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचे. ज्यांना मोटारीतले ओ की ठो कळत नाही, अशी माणसेही रविवारी रात्री मुलाबाळांसह हा कार्यक्रम पाहत. जगात सर्वाधिक देशांत पाहिला जाणारा वस्तुनिष्ठ कार्यक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. बीबीसीच्या व्यापारी शाखेला तो वर्षाला सुमारे पाच कोटी पौंड मिळवून देतो, असे सांगितले जाई. थोडक्यात, गोठ्यातली सर्वांत दुभती गाय!

आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे आपल्याकडे म्हणतातच.

बीबीसीला मात्र ती लाथ गोड मानून घेता आली नाही. १० मार्चला क्लार्कसनला निलंबित करण्यात आले आणि कार्यक्रमाचे पुढचे भाग थांबवले गेले. स्कॉटलंड विभागाचे प्रमुख केन मॅक्वारी यांनी चौकशी केली. २५ मार्चला महासंचालक टोनी हॉल यांनी निर्णय जाहीर केला की, महिनाअखेर संपणारा क्लार्कसनचा करार पुन्हा केला जाणार नाही. हुद्दा, लोकप्रियता किंवा पैसा पाहून एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असे चालणार नाही, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा होता. कागदोपत्री ही बडतर्फी नव्हती; पण साऱ्या जगाने तिला बडतर्फीच म्हटले.

इथवरची हकीकत कुठल्याही कचेरीत घडू शकेल अशी आहे. साहेबाने कनिष्ठाला मारले, चौकशी झाली, साहेब गेला. मला विचार करायला लावले ते त्या पंधरा दिवसांत जनता जनार्दनाने जे केले त्याने.

निलंबनाची बातमी आली त्याच दिवशी क्लार्कसनला परत आणा, अशी मागणी करणारे निवेदन इंटरनेटवर सह्यांसाठी ठेवले गेले. दहा दिवसांत दहा लाखांवर सह्या झाल्या! त्या सह्या घेऊन लंडनमधल्या बीबीसीच्या मुख्यालयावर जो मोर्चा गेला, त्यात चक्क रणगाड्यासारखी दिसणारी लष्करी तोफगाडी होती आणि तिच्यावर ‘टॉप गिअर’मधल्या शिरस्त्राणधारी ‘स्टिग’च्या वेषातला माणूस. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन हे क्लार्कसनचे मित्र. तो त्यांच्याच मतदारसंघातला. हा मोठा गुणी माणूस आहे आणि कार्यक्रम बंद पडला तर माझ्या मुलांना फार वाईट वाटेल, असे ते बोलून गेले. चौकशी चालू असताना देशाच्या पंतप्रधानाने बाळगोपाळांची साक्ष काढावी, हे जरा अजबच.

इथपर्यंत गंमत म्हणून सोडून देता येईल. पण मार खाल्लेल्या त्या निर्मात्यालाच लोकांनी इंटरनेटवर शिव्याशाप द्यायला सुरुवात केली. तुझ्यामुळे आमचा कार्यक्रम गेला, असा त्याच्यावर ठपका. वास्तविक त्याने रीतसर तक्रारही केली नव्हती. घडला प्रकार वरिष्ठांच्या कानावर घातला तो स्वतः क्लार्कसनने. पोलिसांनी चौकशी केली, तेव्हाही आपल्याला खटला भरायचा नाही, असेच या निर्मात्याने सांगितले. टोनी हॉल यांना जिवे मारण्याची धमकी आली आणि लंडनच्या पोलिसांना तिचा तपास करावा लागला. पुढे एप्रिलमध्ये तर कमाल झाली. क्लार्कसनच्या जागी सू पर्किन्स ही विनोदी सूत्रधार येईल, असा सट्टेबाजांचा होरा निघाला. तेवढ्यावर तिलाही मरणाच्या धमक्या येऊ लागल्या आणि तिने ट्विटर सोडले. या प्रकरणाशी त्या बाईचा सुतराम संबंध नव्हता.

त्या निर्मात्याचे नाव मी इथे मुद्दामच देत नाही. पडद्यामागे राबणाऱ्या माणसाने प्रसिद्धी मागितली नव्हती. ती त्याच्यावर लादली गेली.

क्लार्कसनच्या चाहत्यांची बाजू अगदीच पोकळ होती, असे मी म्हणणार नाही. बीबीसी जाहिरातींवर चालत नाही. इंग्लंडमध्ये टीव्ही पाहायचा तर घरटी परवाना शुल्क भरावे लागते. २०१५ मध्ये ते वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स होते. पैसे आमचे, मग आवडीचा माणूस काढताना आम्हाला का विचारत नाही, हा सवाल गैर नाही. शिवाय अनेकांच्या मनात बीबीसीविषयी जुनी अढी होती. लंडनच्या शिष्ट मंडळींनी काय बोलावे आणि कशावर हसावे याचे नियम घालून दिले आहेत आणि हा एकटा गडी ते मोडतो, म्हणून तो सामान्य माणसाचा आवाज, असे त्यांना वाटे. मला यातला विरोधाभास मोठा वाटतो. सामान्यांचा हा कैवारी पंतप्रधानांच्या मैत्रीतला, लक्षावधी पौंड मिळवणारा. आणि ज्याच्या तोंडावर ठोसा बसला तोच खरा सामान्य, महिन्याच्या पगारावर जगणारा. पण सह्या पडल्या त्या ठोसा मारणाऱ्याच्या नावावर.

असे का होते? विलायतेत जाऊन उत्तर शोधायची गरज नाही, ते आपल्याच माजघरात सापडेल. आमटी गार झाली म्हणून ताटावरून उठणारे, प्रसंगी ताट भिरकावणारे कर्ते पुरुष आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. मी वाड्यात वाढलो. शेजारच्या बिऱ्हाडातून भांडे आपटल्याचा आवाज आला की सगळ्या वाड्याला कळायचे. दुसऱ्या दिवशी नळावर बायका बोलत, त्यात त्या गृहस्थाला दोष देणारी एखादीच. ‘दिवसभर राबून येतो बिचारा, त्याला चार घास गरम नकोत का?’ हा बहुमताचा कौल. ज्याच्या मिळकतीवर घर चालते त्याच्या रागाला कारण शोधून द्यायचे आणि ते बहुधा स्वयंपाकघरातच सापडायचे, असा तो रिवाज. कुणी दुष्ट नव्हते. घर टिकले पाहिजे, एवढीच त्यांची धडपड. दहा लाख सह्या करणारेही मला त्या नळावरच्या बायकांसारखे वाटतात. रविवारची रात्र टिकली पाहिजे, बाकीचे सोसून घ्या.

फरक एवढाच की, आपली ती जुनी म्हण ज्याने केली तो लाथही स्वतःच खात होता आणि दूधही स्वतःच पीत होता. त्याला लाथ गोड मानायचा अधिकार होता. इथे दूध पिणारे दहा लाख घरात खुर्चीवर बसलेले आणि लाथ खाणारा धार काढणारा गडी. त्याच्या वतीने लाथ गोड म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

या लाथेचा थोडा प्रसाद आपल्यालाही मिळाला होता. २८ डिसेंबर २०११ रोजी ‘टॉप गिअर’चा खास भारतावरचा भाग दाखवला गेला. त्यात हे तिघे मुंबईत आले, आपल्या डबेवाल्यांच्या पद्धतीशी मोटारींनी स्पर्धा करू पाहत होते. क्लार्कसनने आपल्या जॅग्वारच्या मागच्या बाजूला शौचकूप बसवला होता आणि भारतात येणाऱ्याचे पोट बिघडतेच, अशी त्यावर मल्लिनाथी केली. जॅग्वार कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, हा त्यातला आणखी एक विनोद, बहुधा नकळत झालेला. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे निषेध नोंदवला. भारतीय लोकांचा किंवा संस्कृतीचा अपमान झालेला नाही, असे बीबीसीचे म्हणणे पडले. २०१४ मध्ये ब्रह्मदेशातल्या भागात आशियाई माणसासाठी वापरलेल्या हीन शब्दाबद्दल तिथल्या प्रसारण नियामकाने ठपका ठेवला, तेव्हाही गाय गोठ्यातच राहिली. त्याच वर्षी, आणखी एक आक्षेपार्ह शब्द निघाला तर गच्छंती, अशी शेवटची तंबी मिळाल्याचे क्लार्कसननेच लिहिले होते. म्हणजे हॉजच्या हॉटेलातला तो ठोसा आभाळातून पडला नव्हता. शब्द खपून जातात, हे एकदा कळले की हात उचलायला वेळ लागत नाही.

मग २०१५ मध्येच बीबीसीला धीर कुठून आला? मला वाटते, त्याचे उत्तर जिमी सॅव्हिल या नावात आहे. मुलांचा लाडका हा सूत्रधार २०११ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, त्याने दशकानुदशके मुलांवर व स्त्रियांवर केलेले अत्याचार चव्हाट्यावर आले. बीबीसीत तारे म्हणजे हात न लावण्याजोगी दैवते आणि त्यांच्याविषयी वर बोलायला खालची माणसे भीत, असा निष्कर्ष न्यायाधीश जेनेट स्मिथ यांच्या अहवालाने २०१६ मध्ये काढला. हॉल महासंचालक झाले ते या वादळानंतर, २०१३ मध्ये. मोठ्या माणसाकडे काणाडोळा केला तर काय किंमत पडते, हे त्या वास्तूने पाहिले होते.

योग्य निर्णयाचीही किंमत पडते, हे सांगायला हवे. क्लार्कसनपाठोपाठ दोघे जोडीदारही गेले. २०१६ मध्ये ख्रिस एव्हान्सने ‘टॉप गिअर’ची सूत्रे घेतली, पहिल्या भागाला ४४ लाख प्रेक्षक होते, शेवटच्या भागाला १९ लाख उरले आणि एव्हान्सनेही राजीनामा दिला. २०२२ च्या डिसेंबरात चित्रीकरणाच्या वेळी माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफला गंभीर अपघात झाला आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम बेमुदत थांबला. क्लार्कसनचे मात्र काही अडले नाही. ॲमेझॉनने तिघांना उचलले, आणि २०२१ पासून तर स्वतःच्या शेतावरच्या कार्यक्रमाने तो इंग्लंडच्या शेतकऱ्यांचा लाडका झाला. ज्याच्या पोटावर पाय येईल म्हणून तोफगाडी निघाली होती, त्याचे पोट कधी धोक्यात नव्हतेच.

त्याच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. त्या निर्मात्याला छळू नका, त्याचा यात काही दोष नाही, असे त्याने निर्णयानंतर जाहीरपणे सांगितले. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने जाहीर माफी मागून दावा मिटवला. आयरिश असण्यावरून झालेल्या शिवीगाळीचाही त्या दाव्यात समावेश होता. रक्कम एक लाख पौंडांवर असल्याच्या बातम्या होत्या. मारणाऱ्याला चूक कळली. सह्या करणाऱ्यांपैकी कितींनी आपली सही मागे घेतली असेल?

या गोष्टीला आता दहा वर्षे उलटून गेली. जुलै २०२५ मध्ये बीबीसीवरच्या ‘मास्टरशेफ’ या पाककलेच्या कार्यक्रमाचा परीक्षक ग्रेग वॉलेस याच्याविषयीचा अहवाल आला. ८३ पैकी ४५ तक्रारींत तथ्य आढळले, त्यातल्या बहुतेक २००५ ते २०१८ या काळातल्या. त्यालाही काढण्यात आले. म्हणजे हॉल यांनी २०१५ मध्ये एकच नियम सर्वांना म्हणून सांगितले, तेव्हा त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात माणसे गप्प राहून सोसत होती. असे का, याचे एक उत्तर मला त्या तोफगाडीत दिसते. मार खाऊनही ज्याने तक्रार केली नाही त्याच्या वाट्याला जे आले, ते दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने पाहिले होते. तक्रार करावी की नाही, हे ठरवताना माणूस नियमांचे पुस्तक उघडत नाही. आधी ज्याने तोंड उघडले त्याचे काय झाले, ते आठवतो.

घरात असो, कचेरीत असो की पडद्यावर, आपल्या आवडत्या माणसाने कुणावर हात उचलल्याची बातमी आली की आपला पहिला प्रश्न असतो, त्याला एवढा राग आला तरी कशाने? तो विचारायला हरकत नाही. फक्त त्याआधी, ज्याला लागले त्याचे कसे आहे, एवढे विचारावे.