उंच जीप, बुटकी मोटार आणि तुळजापूरचा घाट

सोलापूरहून तुळजापूरला येताना शेवटी बालाघाटच्या डोंगराचा चढ लागतो. नवरात्रात याच वाटेवर जीपगाड्या आत माणसांनी भरून, वर टपावरही माणसे घेऊन जाताना दिसतात. अशा वेळी 'उंच, जड गाडी रस्ता घट्ट धरते' असे पुष्कळांकडून ऐकू येते. हे खरे आहे का, ते आपण आकड्यांनी तपासू.

वळणावर गाडीला आत वळवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. हे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते खरे. पण जड गाडीला वळवायला बलही त्याच प्रमाणात जास्त लागते. समीकरणात दोन्ही बाजूंचे वस्तुमान निघून जाते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कमाल वेग ताशी सुमारे ५२ किलोमीटर येतो. पावसात घर्षणांक ०.४ झाला की तोच ३९ वर उतरतो. गाडी किमती आहे की साधी, याचा येथे संबंध नाही.

मग उंचीने काय बिघडते? घसरण्याआधी गाडी उलटेल का, हे दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, या गुणोत्तरावर ठरते. चाकांत १५० सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य ५२ सेंटिमीटरवर असलेल्या बुटक्या मोटारीचे गुणोत्तर १.४४ येते. तेवढ्याच रुंदीच्या, पण गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असलेल्या जीपचे १.०७. दोन्ही आकडे घर्षणांकापेक्षा मोठे, म्हणजे दोन्ही गाड्या आधी घसरतील. आता १८०० किलोच्या या जीपच्या टपावर ३०० किलो वजनाची माणसे बसवू. त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २.२ मीटरवर धरला, तर सर्वांचा मिळून ९१ सेंटिमीटरवर जातो आणि गुणोत्तर ०.८२ उरते. वळणावर स्प्रिंगांमुळे गाडी बाहेर कलते ते वेगळेच. आपल्या भागात आणखी एक धोका आहे. डांबराची कड सोडून चाक काळ्या मातीच्या मऊ साइडपट्टीत रुतले, की घसरणे थांबते आणि गाडी अडखळून पालथी होते. गाड्या बहुधा अशाच उलटतात.

वर्गात हे सहज दाखवता येते. खडबडीत फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळी हळूहळू तिरपी करावी. मग ठोकळ्यावर दगड चिकटवून पुन्हा करावी. उलटण्याचा कोन मोजून त्याचा टॅन्जंट काढला की वरचेच गुणोत्तर मिळते. (ठोकळा आधीच घसरू लागला तर खाली एक खिळा ठोकावा. तोच आपला साइडपट्टीचा चिखल!)

आरामाचे गणित निराळे. सेकंदाला एक-दीड हेलकावा शरीराला सोसतो. चार ते आठ कंपने मात्र पोटाला आणि कण्याला जाचतात. जुन्या जीपचे पाटे भार वाहण्यासाठी जाड केलेले असत, म्हणून रिकामी जीप उडे आणि भरलेली मऊ चाले. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोतही मागे पाटेच होते. अलीकडच्या महागड्या उंच गाड्यांत कॉइल स्प्रिंग असतात. तरीही बुटक्या मोटारीत डोके कमी डुलते, कारण ते जमिनीच्या अधिक जवळ असते. खड्ड्यांच्या आणि चिखलाच्या रस्त्यावर मात्र आम्ही उंच गाडीच निवडू; तिचे पोट घासत नाही आणि चारही चाकांना जोर असेल तर ती चिखलातून निघते.

पण हा चार चाकांचा जोर ब्रेक लावताना कामाचा नाही. हिवाळ्यात आपल्याकडे बर्फ नसतो, ऊस असतो. गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे जातात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात २२ मीटर जातात, आणि नंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला ३६ मीटर, एकूण ५८. चाकांबरोबर आलेल्या शेतातल्या चिखलावर दव पडून रस्ता निसरडा झाला, की हेच ८५. डिपरवर दिव्याचा उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. उंच आसनावरून पुढच्या गाडीपलीकडचे दिसते. अंधारातली ट्रॉली मात्र उजेडात आल्यावरच. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी असेल तर पडलेला उजेड ती आल्या दिशेने परत पाठवते आणि शेकडो मीटरवरून चमकते. ५० मीटरच्या आत थांबायचे, तर कोरड्या रस्त्यावर वेग किती हवा आणि निसरड्यावर किती, हे गणित नववी-दहावीची मुले सोडवू शकतील.