परदेशात नोकरी करताना अमेरिकेचं विमान मेकॅनिक लायसन्स: पैसे भरायच्या आधी एवढं वाचा



आपल्याकडे एरवी विषय असतो दुकानाचा, उधारीचा, स्टॉकचा. मग आज विमान कुठून आलं? आखातात विमान मेंटेनन्सला असलेल्या आपल्या मुलांना एक प्रश्न पडतो, अमेरिकेचं ए अँड पी लायसन्स काढू का? माझ्या दृष्टीने हा धंद्याचाच प्रश्न आहे. नवीन मशीन घेताना आपण विचारतो ना, यातून माल काय निघणार आणि पैसे कधी सुटणार? तेच इथे विचारायचं.

अमेरिकेची विमान वाहतूक संस्था, म्हणजे एफएए, हे सर्टिफिकेट देते. त्यावर दोन रेटिंग असतात. एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा आणि त्यातल्या सिस्टिम, पॉवरप्लांट म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर. दोन्ही मिळाली की ए अँड पी. वय किमान १८ हवं, इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यायला हवं. मान्यताप्राप्त अमेरिकन शाळेत शिकला नसाल, तर एका रेटिंगला १८ महिने आणि दोन्हीला मिळून ३० महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो.

खरी गोम इथेच आहे. ३० महिने पगार घेतला म्हणजे ३० महिन्यांचा अनुभव झाला असं नाही. सगळा वेळ केबिनमधल्या सीट बसवण्यात गेला असेल, तर इंजिनाचा अनुभव कुठून दाखवणार? म्हणून कंपनीच्या पत्रात कोणती विमानं, कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, हे स्पष्ट हवं. नुसतं 'टेक्निशियन म्हणून काम केले' याला फारसा अर्थ नाही. आणि पत्र नोकरीत असतानाच घ्या हो! सुपरवायझर बदलला की तुमचं काम ओळखणारं कोणी उरत नाही. खोटं पत्र करून देतो म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. अर्जात खोटं आढळलं तर मिळालेलं सर्टिफिकेटही काढून घेतलं जातं, आणि एजंटला दिलेले पैसे तर गेलेलेच असतात.

आता पैसे भरायच्या आधी माहीत हवाच असा नियम. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, ग्रीन कार्डही नाही, तर अमेरिकेबाहेर हे सर्टिफिकेट तेव्हाच मिळतं, जेव्हा अमेरिकेत नोंदलेल्या विमानासाठी त्याची गरज आहे असं एफएएला पटतं. अशा विमानाचा नोंदणी क्रमांक 'एन' अक्षराने सुरू होतो. आपल्या भारतीय विमानांचा 'व्हीटी'ने, अमिरातीच्या विमानांचा 'ए६'ने. तुमच्या हँगरमध्ये 'एन' विमान येतच नसेल, तर तिथे बसून अर्ज पुढे सरकणं अवघड. मग उरतो मार्ग अमेरिकेत जाऊन अर्ज करण्याचा. म्हणजे व्हिसा, तिकीट, राहणं, शिवाय बिनपगारी रजा. हा बुडालेला पगार खर्चात धरायला माणसं हमखास विसरतात.

प्रक्रिया तशी सरळ आहे. एफएएचा इन्स्पेक्टर अनुभवाची कागदपत्रं बघतो, तुमच्याशी बोलतो आणि ८६१०-२ नंबरच्या फॉर्मवर सही करतो. मग तीन लेखी परीक्षा: जनरलला ६० प्रश्न, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटला १००-१००. पास व्हायला ७० टक्के. त्यानंतर एफएएने नेमलेल्या परीक्षकासमोर तोंडी आणि प्रात्यक्षिक. हे सगळं २४ महिन्यांच्या आत उरकायचं. एखादी परीक्षा गेली तर ३० दिवस थांबायचं, नाहीतर पुन्हा शिकवलं गेल्याचं, तेच सर्टिफिकेट आणि रेटिंग असलेल्या मेकॅनिकचं सहीचं पत्र द्यायचं. लेखी परीक्षेची फी प्रत्येकी १७५ डॉलर, तिन्हींचे ५२५. परीक्षक आपली फी स्वतः ठरवतो, ती आधीच विचारून घ्या. आणखी एक, २०२५ च्या जानेवारीपासून परदेशी पत्ता देणाऱ्या अर्जदाराला अमेरिकेतला एक एजंट नेमावा लागतो, एफएएची पत्रं त्याच्याकडे येतात. हा एजंट वेगळा, लायसन्स 'काढून देणारा' वेगळा!

मिळतं काय? सर्टिफिकेट तुमच्या नावावर असतं, कंपनीच्या नाही, आणि त्याला मुदत नसते. मात्र ते वापरायचं तर साधारणपणे मागच्या २४ महिन्यांत किमान ६ महिने काम केलेलं हवं. गावी येऊन याच कागदावर व्हीटी विमानाला सही देता येईल, असं मात्र धरून चालू नका. त्याला आपल्या डीजीसीएचं लायसन्स लागतं, युरोपातल्या विमानांना युरोपचं. स्वतःचं मेंटेनन्स वर्कशॉप काढायचं तर त्याची परवानगी आणखी वेगळी.

तेव्हा कुणाला एक रुपया द्यायच्या आधी डायरी काढा आणि गेल्या वर्षभरात हात लावलेल्या विमानांचे नोंदणी क्रमांक लिहा. त्यात 'एन'ची किती निघतात ते मोजा. मग शेजारी दुसरा रकाना करा: एअरफ्रेमचे महिने किती, इंजिनाचे किती, आणि कोणत्या महिन्याचा कागद हातात आहे.